गगनबावड्याची तांबडी, पिवळी, तपकिरी

कोल्हापुरातून रंकाळ्याच्या कडेने गगनबावड्याचा रस्ता धरला की बराच वेळ दोन्ही अंगांना ऊस चालतो. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या चार नद्यांनी आणून टाकलेली इथली जमीन काळी, जड आणि पाणी धरून ठेवणारी. कळे मागे पडते, कुंभीचे पात्र रस्त्याच्या जवळ येते आणि असळजच्या आसपास शेताचे बांध तांबूस दिसू लागतात. ऊस विरळ होतो, भाताची खाचरे येतात. पळसंब्याच्या वळणांवर रस्त्यासाठी कापलेल्या दरडी उघड्या आहेत आणि त्यांत लाल, पिवळे, करडे, मधूनच जांभळट असे पट्टे एकमेकांत शिरलेले दिसतात. कोल्हापूर ते गगनबावडा हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर. एवढ्यात जमिनीचा रंग पुरता पालटतो.

दिवाळीच्या तोंडावर मी या रस्त्याने गेले ती ही माती आणण्यासाठी. तैलरंगांच्या पेटीत मातीच्या रंगांचे एक मोठे कुटुंब असते. यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, इंडियन रेड आणि हिरव्या मातीचा टेर व्हर्ट. त्यांतला सिएना इटलीतल्या तोस्कानाचा, अंबरची नावाजलेली माती सायप्रस बेटाची. सह्याद्रीचे डोंगर रंगवतानाही आपण ब्रश बुडवतो तो या परक्या मुलखांच्या नावांत. ते रंग उत्तम आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच जातीची माती घराबाहेर तासाभरावर पडलेली असताना ती एकदा तरी हाताने धुऊन, तेलात घोटून पाहिल्याशिवाय कोल्हापूरच्या चित्रकाराला आपली रंगपेटी पुरती कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

गाडी चालवणारे दादा साळवणच्या बाजूचे. दरडीजवळ थांबवायला सांगितले तेव्हा त्यांनी आरशातून बघितले. "ताई, ह्या मातीत काय सोनं हाय का?" मी म्हटले, लोखंड आहे. त्यावर ते म्हणाले, "लोखंड तर असणारच की. घासलं तर कापडावरनं जात न्हाई."

दादांचे म्हणणे रसायनशास्त्राला धरून होते. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन बनला. त्यातही लोह भरपूर आहे, पण ते खडकाच्या स्फटिकांत अडकलेले असते, म्हणून खडक काळा-करडा दिसतो. त्यावर वर्षानुवर्षे उष्ण हवेत पाऊस पडत राहिला की पाणी आधी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही विरघळणारी द्रव्ये वाहून नेते, मग हळूहळू सिलिकाही नेते. मागे उरतात ती पाण्याला दाद न देणारी दोन द्रव्ये, लोह आणि ॲल्युमिनियम. हवेतला प्राणवायू त्या लोहाला गंज चढवतो. उरलेला भोकाभोकांचा तांबडा खडक म्हणजे आपला जांभा. फ्रान्सिस बुकॅननने १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरमच्या जांभ्याचे वर्णन करून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. आपल्याकडे घाटमाथ्यावर आणि कोकणात लोक त्याचे चिरे काढून घरे बांधतच होते.

गगनबावड्यात पाऊस किती, तर वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर. कोल्हापूर शहरात तो साधारण १००० मिलिमीटर. एकाच जिल्ह्यातल्या या तफावतीमुळे इकडे माती धुतली जाऊन तांबडी झाली आणि तिकडे काळी साचली.

आता चित्रकाराच्या कामाचा भाग. मातीतल्या लोहाच्या गंजाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकाच्या घडणीत पाणी असते. तो गोएथाइट, रंग पिवळा ते पिवळसर तपकिरी. जर्मन कवी गटे याला खनिजांचा नाद होता, १८०६ साली त्याच्या सन्मानार्थ हे नाव ठेवले गेले. दुसऱ्यातून पाणी निघून गेलेले असते; तो हेमाटाइट, रंग लाल. जिथे जमीन कायम ओलसर राहते तिथे पिवळा टिकतो, जिथे ती उन्हात कडक तापते तिथे लाल होतो. पळसंब्याच्या पुढच्या एका दरडीत मला हे सगळे वरून खाली वाचता आले. माथ्यावर हातभर जाडीचे कठीण, गर्द तांबडे कवच. त्याखाली लाल-पिवळे ठिपके असलेला मऊ थर. त्याच्याही खाली फिकट, जवळजवळ पांढरी, हाताला साबणासारखी लागणारी माती, जिला कोकणात विहिरी खणणारे शेडी म्हणतात. तळाशी मुरूम, आणि मुरमाच्या पोटात अजून न कुजलेला काळा दगड. यलो ऑकर, इंडियन रेड आणि पांढरी चिकणमाती एकाच भिंतीत एकाखाली एक होती.

गगनबावडा गाव लहान आहे. एसटी स्थानक, चहाची हॉटेले, तहसील कार्यालय आणि तिथून दोन फाटे: एक करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरणारा, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या दिशेने. वर गगनगड. शिलाहार भोज राजाच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकातला हा किल्ला आता गगनगिरी महाराजांच्या मठामुळे ओळखला जातो. शेजारी गैबी पिराचे स्थान आहे. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. राज्यकारभारावरचे 'आज्ञापत्र' ज्यांच्या नावावर आहे, ते रामचंद्रपंत अमात्य या घराण्याचे मूळ पुरुष. त्या ग्रंथात झाडांबद्दल एक आज्ञा आहे: आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, ती वाढायला फार वर्षे लागतात; अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. माती गोळा करायला आलेल्या माणसाने त्यांच्याच मुलखात हे लक्षात ठेवले पाहिजे. मी स्वतःला नियम घातला तो असा की उभ्या दरडीला कुदळ लावायची नाही, पावसाने घसरून रस्त्याच्या कडेला पडलेला ढिगारा तेवढा घ्यायचा, आणि पठारावरचे काही उचलायचे नाही.

पठार म्हणजे बोरबेटजवळचे मोरजाईचे. वर पोचल्यावर चहूकडे सपाट, काळपट तांबडा कातळ पसरलेला दिसतो. वरचा पातळ मातीचा थर बोटभरसुद्धा नाही. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत आणि कातळाच्या खळग्यांत इवलाली फुले येतात, त्यांत किडे पकडणारी ड्रॉसेरा आणि सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती असतात. मी गेले तेव्हा त्यांचा हंगाम सरत आला होता आणि गवत पिवळे पडू लागले होते. मूठभर माती उचलली तरी इथे एखाद्या झाडाची पुढची पिढी जाते. याच जातीच्या जांभ्यात ॲल्युमिनियमचे प्रमाण वाढले की त्याला बॉक्साइट म्हणतात, आणि राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या बाजूला त्याच्या खाणी झाल्या. पठार एकदा खरवडले गेले की ते कवच पुन्हा बनायला लागणारा काळ माणसाच्या हिशेबात बसत नाही. चित्रकाराची गरज मात्र चमच्यांत मोजायची असते. ती गरज घसरलेल्या दरडी आरामात भागवतात.

मोरजाई देवीचे ठाणे या कातळातच आहे. बोरबेटच्या वाटेवर एका घरी पाणी प्यायला थांबले. ओट्याची कड आणि भिंतीचा खालचा हातभर पट्टा नुकताच तांबडा केलेला होता. घरातल्या मावशींना विचारले, हा रंग कुठला?

"दुकानातला गेरू हाय. आता कोण कुटत बसतंय?"

"पूर्वी?"

"सासूबाई हितलीच दरडीची माती आणायच्या. भिजत घालायच्या, वरचं पाणी वतून घ्यायच्या, खाली खडा ऱ्हायचा त्यो टाकून द्यायच्या. मग त्या गढूळ पाण्याचा गाळ बसला की त्योच लावायच्या. लई मऊ यायचा बघा." थोड्या वेळाने त्यांनी माझी पिशवी उघडायला लावली आणि पिवळ्या मातीचे ढेकूळ बोटांत चुरडून बाजूला ठेवले. "ही न्हाई चालायची. हिला चुलीत भाजावं लागतंय, मग तांबडी हुती."

या दोन वाक्यांत मातीपासून रंगद्रव्य करण्याची सगळी विद्या आहे. युरोपातल्या रंग करणाऱ्यांच्या कार्यशाळांतही पायरी हीच होती: माती पाण्यात ढवळायची, जड वाळू क्षणात तळाला बसते, मधले गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढायचे, ते निवळू द्यायचे. जितका जास्त वेळ तरंगत राहिलेला गाळ, तितका तो बारीक आणि तितका त्याचा रंग उजळ. आणि पिवळी माती भाजून लाल करणे म्हणजेच रॉ सिएनाची बर्न्ट सिएना करणे. गोएथाइटच्या घडणीतले पाणी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसला सुटते आणि त्याचा हेमाटाइट होतो. चूल किंवा लोखंडी तवा एवढी उष्णता सहज देतो.

गगनबावड्याहून मी लगेच परतले नाही. करूळ घाटाने खाली उतरले, कारण या मातीचे दुसरे घर कोकणात आहे. घाटाच्या कापात काळ्या दगडाच्या थरांवर थर दिसतात. प्रत्येक थर लाव्ह्याच्या एका लोंढ्याचा. सह्याद्रीच्या घाटांत अशा दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा विटकरी लाल मातीची एक पट्टी सापडते. एक लोंढा थंड झाला, त्याच्यावर माती तयार झाली, आणि पुढच्या लोंढ्याने ती दाबून भाजली, असा तिचा उगम सामान्यतः सांगतात. मी त्या कापांत हिरवी मातीही शोधत होते. बेसॉल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्या असतात, त्यांच्या आतल्या बाजूला सेलॅडोनाइट नावाच्या निळसर हिरव्या खनिजाची साय धरते. टेर व्हर्टचा तो एक घटक आहे. फोडलेल्या दगडांत अशी नखभर साय दिसली, खलात घालण्याइतकी नव्हती.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात लाल मातीचे जे झाले ते घाटावर झाले नाही. तिथे कावी कला जन्मली. भिंतीला आधी चुन्याचा पांढरा गिलावा, त्या ओल्या गिलाव्यावर चुन्यात कालवलेल्या काव मातीचा लाल थर, आणि तो सुकायच्या आत लोखंडी अणीने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. चुना मुरवताना त्यात गूळ घालत. गोव्यात मोरजीच्या मोरजाई मंदिरात अशी कावीची चित्रे आहेत. बोरबेटच्या पठारावर जिचे ठाणे, त्याच नावाची ही देवी. घाटावरच्या घरांत तांबडा पट्टा भिंतीच्या पायाशी थांबला, खाली कोकणात तो देवळाच्या भिंतीवर चढून वेली, हत्ती आणि देव झाला. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीच्या पोथ्यांसाठी जुन्या काळी कागदावर माती, दगड आणि झाडपाल्याचे रंग वापरले. ती परंपरा टिकवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

भुईबावडा घाटाने वर येऊन मी कोल्हापुरात परतले आणि मग खरे काम सुरू झाले.

शेडी बाजूला ठेवून रंगीत मातीचे तीन वाटे केले: दरडीच्या वरच्या भागातली गर्द लाल, मधली पिवळी आणि एका ओढ्याच्या काठच्या ढिगाऱ्यातली काळपट तपकिरी. बादलीत ढवळल्याबरोबर मुळे, काड्या, पाने वर तरंगली, ती काढली. मावशींनी सांगितल्याप्रमाणे खडा खाली ठेवून गढूळ पाणी ओतून घेतले. निवळल्यावर तळाशी जो मऊ गाळ राहिला तो पसरट ताटांत सुकवला. त्याच्या खपल्या खलात कुटून मलमलीतून चाळल्या. हे करताना तोंडावर चांगला मास्क हवाच. बारीक मातीत सिलिका असते आणि तपकिरी मातीत मँगनीज, दोन्ही फुफ्फुसांना वाईट.

तपकिरी मातीची एक सोपी परीक्षा घेतली. औषधांच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड धुतलेल्या मातीवर टाकले. ती फसफसली. मँगनीजचे ऑक्साइड पेरॉक्साइडमधला प्राणवायू झटकन सोडवते. मातीत पालापाचोळ्याचा अंश राहिला असला तरी थोडा फेस येतो, म्हणून ही परीक्षा धुतल्यानंतरच घ्यायची. अंबर या रंगाची ओळखच मुळी लोह आणि मँगनीज एकत्र असण्यात आहे. माझ्या मातीत ते सायप्रसच्या मातीएवढे असणार नाही, पण आहे.

पिवळ्याचा अर्धा भाग तव्यावर भाजला. आधी वाफ निघाली, मग कडेने नारिंगी झाक आली, ती आत सरकत गेली आणि सगळा चुरा विटकरी झाला. एक गोष्ट भाजतानाच शिकायची असते: लोहाचे हे रंग गरम असताना खऱ्यापेक्षा गडद दिसतात. तव्यावरचा रंग पाहून उतरवले तर थंड झाल्यावर तो फिका निघतो. म्हणून थोडा नमुना बाहेर काढून, गार करून, मगच ठरवायचे.

मग तेल. तैलचित्रासाठी जगभर वापरतात ते जवसाचे. आपल्याकडे जवस म्हणजे चटणी, आणि विदर्भात त्याचे पीक जुने. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट पापुद्रा बनतो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल असे करत नाही, ते कायम चिकट राहते. कोल्हापूरला लाल माती आणि तेलाची जोडी नवी नाही, ही गोष्ट मला घोटताना सतत आठवत होती: तालमीच्या हौद्यातल्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद आणि कापूर घालून ती मळायची रीत इथे पिढ्यान्पिढ्यांची आहे, आणि शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेले खासबाग मैदान त्याच मातीवर उभे आहे.

जाड काचेच्या पाट्यावर मातीची लहान रास करायची, मध्ये खळगा, त्यात थोडेसे तेल. आधी पॅलेट नाइफने कालवायचे. सुरुवातीला वाटते तेल फारच कमी आहे, आणखी ओतावे. ओतू नये. काचेची घोटणी आठच्या आकड्यात फिरवत राहिले की माती आपोआप ओली होत जाते. प्रत्येक कणाभोवतीची हवा निघून तिथे तेल शिरते. खरखर आवाज हळूहळू मऊ होतो. लाल माती थोड्या तेलात झाली. पिवळीने पुष्कळ जास्त मागितले, कारण तिच्यात चिकणमातीचा अंश अधिक आणि तिचे कण अणकुचीदार. जास्त तेलाचा रंग चित्रात खालच्या थराला वापरू नये, वरचा थर आधी सुकून पुढे तडे जातात. चित्रकलेच्या वर्गात पाठ केलेला हा नियम घोटणी हातात धरल्यावर मनगटाला कळला.

शेडीने मला सर्वांत मोठा धडा दिला. कोरडी असताना ती पांढरीशुभ्र. चुन्याच्या भिंतीवर किंवा सरसाच्या रंगात ती पांढरीच राहते. तेलात पडताक्षणी मात्र तिचा पांढरेपणा नाहीसा झाला आणि काचेवर मळकट, अर्धपारदर्शक गोळा उरला. कारण प्रकाशाच्या वाकण्यात आहे. जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४८, शेडीतल्या केओलिनचा सुमारे १.५६. दोन्ही इतके जवळ की प्रकाश मातीच्या कणावरून परत फिरतच नाही, आरपार जातो. शिसाच्या सफेद्याचा अपवर्तनांक सुमारे २, टायटॅनियम डायॉक्साइडचा २.५ च्या वर, म्हणून ते तेलातही पांढरे राहतात. हेमाटाइटचा २.९ च्या आसपास, आणि त्यामुळेच लाल मातीचा एक पातळ हात खालचे सगळे झाकून टाकतो. तैलचित्रातला पांढरा, याचा अर्थ, गगनबावड्याच्या दरडीतून निघणार नव्हता. तो मी नळीतूनच घेतला.

नळीबद्दल थोडे बोलले पाहिजे. पिळून काढायची कथिलाची नळी जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली काढली. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. नळीमुळे चित्रकार घराबाहेर पडला आणि त्याच वेळी रंग कशाचा बनतो हे विसरायला लागला. आपल्याकडे १९३१ साली शाई करायला लागलेल्या दांडेकर बंधूंच्या कॅम्लिनने पुढे उंटछाप रंग घरोघर आणि शाळाशाळांत पोचवले, त्यातून महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या चित्र काढायला शिकल्या. आज कुठल्याही कंपनीची नळी घेताना पाठीमागची बारीक अक्षरे वाचावीत. पीवाय ४३ असेल तर पिवळा खाणीतल्या मातीचा. पीवाय ४२ असेल तर कारखान्यात बनवलेला. लालमध्ये पीआर १०२ मातीचा, पीआर १०१ सहसा कारखान्याचा. सिएना आणि अंबर यांवर पीबीआर ७ लिहिलेले असते, हिरव्या मातीवर पीजी २३. नाव यलो ऑकर आणि आत कारखान्याचे ऑक्साइड, असे नेहमी होते. ते ऑक्साइड वाईट नाही, ते जास्त झाकणारे आणि दर वेळी तंतोतंत सारखे असते. पण त्याचे कण एकाच मापाचे असतात. मातीच्या रंगात लहानमोठे कण, क्वार्ट्झ, चिकणमाती सगळे मिसळलेले, त्यामुळे पातळ लावला की तो उजेड आत घेतो आणि थोडा परत देतो. काचेवर माझी पिवळी माती आणि नळीतला पीवाय ४२ शेजारी पसरून पाहिले. नळीचा रंग जोरकस होता. मातीचा मला जास्त आवडला.

टिकाऊपणात दोघे सारखेच. लोहाचा गंज आधीच गंजलेला असतो, ऊन त्याचे आणखी काही बिघडवू शकत नाही. अजिंठ्याचा पुरावा पुरेसा आहे. तिथले लाल आणि पिवळे म्हणजे अशीच माती, हिरवा म्हणजे बेसॉल्टच्या पोकळ्यांतली हिरवी माती, काळा म्हणजे काजळी. फक्त निळ्यासाठी लाजवर्द अफगाणिस्तानच्या बदख्शानातून यावा लागला. दीड हजार वर्षांनंतरही ते रंग ओळखू येतात. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर तैलरंगात केल्या. त्या लंडनला गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ १८८५ च्या आगीत जळाल्या. रॉबर्ट गिलच्या त्याआधीच्या प्रती १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर अजून आहेत.

घोटलेले नमुने सोबत घेऊन मी टाउन हॉलच्या संग्रहालयात गेले, अबालाल रहिमान यांची चित्रे पुन्हा पाहायला. १९३१ साली ते गेले. जे. जे.मध्ये शिकून आलेला, शाहू महाराजांचा आश्रय मिळालेला हा माणूस, आयुष्यभर रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा काठ रंगवत राहिला. त्यांच्या संध्याकाळच्या उजेडात तपकिरी आणि पिवळ्याची जी ऊब आहे ती मला आता वेगळ्या रीतीने दिसली: पाण्यातले निळे दिसणारे भाग खरे तर थंड करडे आहेत, आसपासच्या मातकट रंगांमुळे ते निळे भासतात. त्याच शहरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे भले मोठे पडदे रंगवत होते. पडद्याचा रंग पुडीचा, सरसात कालवलेला. गेरू, पिवडी, हिरमुजी, काजळ, नीळ असे रंगाऱ्याच्या दुकानातले शब्द त्यांच्या कानांवरचे. पुढे बाबूरावांनी कॅमेरा हाती घेतला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. कलापूर म्हणवून घेणाऱ्या या शहराच्या प्रत्येक कलाशाळेने, निदान पहिल्या वर्षाच्या मुलांना, एकदा गगनबावड्याच्या रस्त्यावर नेऊन माती धुवायला लावावी असे मला मनापासून वाटते. एका दिवसाचे काम आहे, खर्च एसटीच्या तिकिटाचा.

घरी आल्यावर लहान कॅनव्हास बोर्डावर रंगांच्या पट्ट्या ओढल्या. तपकिरी सर्वांत आधी सुकली, कारण मँगनीज तेलाला लवकर सुकवते. जुने चित्रकार याच गुणासाठी अंबर खालच्या थरात वापरत. लाल मागून सुकली, पिवळी सगळ्यांत शेवटी. त्याच बोर्डावर समईवर धरलेल्या ताटलीची काजळी तेलात घोटून चौथा रंग म्हणून लावला. स्वीडनच्या अँडर्स झॉर्न या चित्रकाराच्या नावाने ओळखली जाणारी पिवळी माती, लाल, काळा आणि पांढरा अशी चार रंगांची पॅलेट आहे. त्याच बेताने मी गगनगडाचे दृश्य काढायला घेतले. काजळी आणि पांढरा मिळून झालेला करडा, तांबड्या दरडीच्या शेजारी बसताच पावसाळी आभाळाएवढा निळा दिसला. पिवळ्या मातीत काजळी मिसळल्यावर जो शेवाळी हिरवा झाला तो कापणीला आलेल्या खाचरांना बरोबर जुळला. किल्ल्याचा कडा तपकिरीत झाला, दरडी लालमध्ये, वाळत चाललेले गवत भाजलेल्या पिवळ्यात. जून-जुलैमधल्या गगनबावड्याचा हिरवा मात्र या रंगांतून निघत नाही. त्यासाठी निळ्याची नळी विकत घ्यावीच लागते.